पलीकडची किटली

आमच्या गावात कुणी हातात कप दिला की माणूस आधी तो उलटा करून बघायचा. रिकामा असताना, इतके काही आम्ही वेडे नव्हतो. बुडाला आमच्या कारखान्याचा शिक्का असला तर चहा घ्यायचा, नदीपलीकडचा शिक्का दिसला तर "मला नको, आत्ताच घेतला" म्हणायचं. पलीकडच्या शहरातही हेच चालायचं म्हणे. दोन्ही शहरांचं पोट चिनी मातीच्या भांड्यांवर, आणि दोघांनाही दुसऱ्याचं भांडं डोळ्यांसमोर नको. त्यांच्या बायका किटलीच्या कानाला एक फडकं बांधून ठेवायच्या. पुलापलीकडच्या खिडक्यांतून ते दिसायचं आणि आम्ही नाकं मुरडायचो. नखरे नुसते, म्हणायचो.

माझा दादा आमच्या कारखान्यात साचे करायचा, प्लास्टरचे, ज्यांत पातळ माती ओतून भांडी काढतात. मी भांड्यांचे काठ रंगवायला होते. दादाची एक किटली होती, कारखाना तिच्यावरच उभा होता म्हणा ना. तिच्या तोटीतून चहा ओतला की शेवटचा थेंब बाहेर ओघळत नसे. दादा तोटीच्या ओठाखाली एक बारीक कड ठेवायचा, त्या कडेवरून थेंब मागे फिरायचा. ऐकायला यात काहीच नाही. पण चहाचे डाग धुऊन जिची बोटं सोलली आहेत, तिला विचारून बघा.

पलीकडचाच एक साचेवाला मला मागणी घालायला घरी आला होता. पुलावर ओळख झाली होती, त्याच्या पुढचं सांगत बसत नाही. दादाने आधी तोंड वाकडं केलं, मग हो-नाही करत तयार झाला. त्या दिवशी चहा संपल्यावर त्या माणसाने आमची किटली हातात घेतली, उलटीसुलटी केली, तोटीवरून अंगठा फिरवला. मला त्याचं ते फार आवडलं होतं. माझ्याकडेही तो असाच निरखून बघायचा.

पुढे काही महिन्यांत पलीकडच्या दुकानांत तोटीला थेट तशीच मान असलेली किटली आली, आणि त्याच सुमारास दादाच्या फळीवरचा त्याच किटलीचा एक साचा नाहीसा झाल्याचं लक्षात आलं. झालं. चोर कोण, हे ठरवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. चोराच्या घरी बहीण देणार नाही, दादा म्हणाला. मी रडले, भांडले, अन्नावर रागावले, आणि मग हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. अख्खं गाव एकच गोष्ट सांगत असलं की स्वतःच्या मनाचं ऐकू येत नाही. पुढे मी लग्न केलंच नाही. मागण्या येत होत्या, उगाच गैरसमज नको.

मग बाहेरून स्वस्त भांडी आली आणि दोन्हीकडचे कारखाने मागेपुढे बसले. बंद पडले त्या दिवशी पलीकडच्यांनी आपापले साचे घरी नेले. कुणी पलंगाखाली सरकवले, कुणी दाराला अडसर म्हणून लावले. आमच्या लोकांनी काय केलं? सगळे साचे आवारात आणले, ढीग घातला आणि घणांनी फोडला. पलीकडच्यांच्या हाती लागायला नकोत म्हणून. दादाने स्वतःचे साचे स्वतःच्या हातांनी फोडले आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ती पांढरी धूळ कितीतरी दिवस माझ्या केसांतून निघत होती. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आता पलीकडे कारखान्याच्या चिमण्या रंगवल्यात, भट्टीच्या पोटात कॉफीचं दुकान आहे, लोक लांबून बघायला येतात. आमच्याकडे भट्ट्या पाडून गाड्या लावायला जागा केली. गंमत म्हणजे लावायला गाड्याच नाहीत. उरली ती पॅकिंगची शेड. दादाची मुलगी, माझी भाची, मातीचं काम शिकून परत आली आणि तिने त्या शेडमध्ये छोटी भट्टी टाकायचं मनावर घेतलं. नगरपालिकेने सांगितलं, गावची स्वतःची जुनी वस्तू करून दाखवा, शेड तुमची. नाहीतर तिथेही गाड्या.

गावची वस्तू म्हणजे दादाची किटली, दुसरं काय. आमच्या घरात एक शिल्लक होती. भाचीने तिच्यावरूनच साचा काढून पाहिला. पण माती भट्टीत आकसते, त्यामुळे भाजलेल्या भांड्यावरून काढलेलं भांडं लहानच होतं. शिवाय चकाकीच्या थराने ती बारीक कड बोथट झालेली. बाहुलीच्या खेळातली वाटावी अशी किटली निघाली आणि वर गळायला लागली. दादाने नव्याने घडवावी, तर त्याचे हात आता इतके थरथरतात की सदऱ्याची बटणं मी लावून देते.

एकदा जेवताना भाची म्हणाली, "बाबा, त्या दिवशी सगळे साचे फुटले. पण एक त्याच्या आधीच चोरीला गेला होता ना?"

दादाचा हात ताटातच थांबला. मीही जेवायचं विसरले. जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने चोरी केलेली असू दे, असं आम्ही तिघं मनातल्या मनात म्हणत होतो.

पूल ओलांडून आम्ही गेलो. तो त्यांच्या जुन्या कारखान्यातच भेटला, कोरा करकरीत एप्रन घालून. येणाऱ्याजाणाऱ्यांना साचा कसा भरतात ते दाखवायचं, हे आता त्याचं काम. कामगारांच्या चाळी पाहुण्यांना भाड्याने जातात, त्यामुळे तो स्वतः शहराबाहेर राहतो. "मी इथला शोभेचा कामगार," तो हसत म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि हसू थांबलं. त्याचे केस पार पिकले होते. बघणं तेच होतं.

त्याने आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. दादाने आडवळण घेतलं नाही. "झालं गेलं सोडा. मी भांडायला आलेलो नाही. तुम्ही आमचा साचा नेला होतात, तो असेल तर द्या. माझ्या मुलीचं काम अडलंय."

तो म्हणाला, "मी नव्हता हो नेला."

"आता कशाला लपवता?"

"लपवत नाही. तुमची किटली बघून मी घरी येऊन करत बसलो. अंगठ्याला जे लागलं होतं तेवढ्यावर. मान जमली." त्याने फळीवरून किटली काढली. तीच मान, तोच डौल. "तुमच्या फळीवरचा तुमच्याच कुणाच्या हातून फुटला असेल, आणि तुमच्या धाकाने त्याने तुकडे लपवले असतील."

दादाने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू. मेला अजून खोटं बोलतोय, असंच मला वाटलं.

त्याने त्याच किटलीत चहा केला. कप पुढे आले तेव्हा दादाने सवयीने आपला कप उलटा केला, शिक्का बघितला, आणि गुपचूप सरळ ठेवला. किटलीच्या कानाला फडकं बांधलेलं होतं. त्याने माझ्या कपात चहा ओतला, किटली उचलली, आणि तोटीच्या ओठावरून एक थेंब ओघळला, खाली मानेवरून घसरत बुडापर्यंत गेला. त्याने न बघताच फडक्याने तो पुसला.

"ही गळतेच," तो म्हणाला. "मान जमली, ओठ काही जमला नाही. आमच्याकडे म्हणून फडकं बांधतात."

दादा तोटीकडे बघत राहिला. आमच्या साच्यातून निघालेली किटली गळूच शकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मलाही कळलं. आमच्या गावात एका माणसाने एकदा जरी त्या किटलीतून चहा ओतला असता, तरी त्याच दिवशी कळलं असतं. पण पलीकडच्या भांड्याला हात कोण लावणार!

"चोरला असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "निदान एक तरी राहिला असता."

भाचीने डोळे पुसले. शेड गेली, हे तिला कळून चुकलं होतं. तो तिला म्हणाला, "तुझा हात चांगला असेल तर इथे ये. भट्टी आहे, जागा आहे. तो ओठ आपण दोघं मिळून शोधू." तिने बापाकडे पाहिलं.

"जा," दादा म्हणाला. "माणूस चांगला आहे."

मी कप खाली ठेवला. परत येताना भाची पुढे चालत होती. पुलाच्या मध्यावर दादा कठड्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं चुकलं गं."

"हो," मी म्हणाले.

तो मी आणखी काही बोलेन म्हणून थांबला. माझ्याकडे बोलायला खूप होतं, पण ते सगळं त्या दुसऱ्या माणसाशी बोलायचं होतं, आणि ते बोलायचं वय दोघांचंही निघून गेलं होतं. दादाच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते लावून दिलं आणि आम्ही घरी आलो.