बोडका खुंट

"आजपासून या घरात कोणीही दुसऱ्याच्या मुळांवर जगणार नाही," जावयाने गच्चीतून जाहीर केले, आणि लगेच जिन्यात वाकून हाक मारली, "बाबा, तुमचं दाढीचं ब्लेड मिळेल का जरा?"

सासऱ्यांनी ब्लेड दिले. सोबत सल्लाही दिला. तो या घरात कशाहीबरोबर मिळे.

जावई 'बस्तान बसेपर्यंत' म्हणून आला होता, त्याला अठरा वर्षे झाली. त्याचा टूथब्रश कोणत्या पेल्यात राहील हे सासरे ठरवत, आणि पंखा दोनच्या पुढे जात नसे. आता तो नोकरीला होता त्या पाणीपुरवठा कचेरीने त्याला राहायला दोन खोल्या देऊ केल्या होत्या. होकार द्यायला दोन महिन्यांची मुदत होती. होकारात अडचण नव्हती. सासऱ्यांना सांगायचे कसे, इथे घोडे अडले होते. म्हणून त्याने निकाल गच्चीतल्या कुंडीतल्या निवडुंगावर सोपवला.

दुसऱ्या जातीच्या तीनधारी हिरव्या खुंटावर कलम केलेला तो गोल निवडुंग; मुळे होती ती खालच्या खुंटाची. जावयाने जोडाशी ब्लेड फिरवले आणि गोळा हातात घेतला.

"याला स्वतःची मुळं फुटली, की आपण निघालो."

"आणि नाही फुटली तर?" बायको म्हणाली.

"तर राहू."

"म्हणजे आपला संसार आता याच्या हातात. आणि याला हातही नाहीत."

जखम सुकेपर्यंत गोळा सावलीत राहिला, मग कोरड्या खडीवर बसला. पाणी द्यायचे नव्हते, कुजला असता. उचलूनही पाहायचे नव्हते. जावई रोज उचलून पाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी खाली तीन पांढरी मुळे दिसली, दोऱ्याएवढी. वाक्य जुळवत तो जिना उतरला.

सासरे खिडकीशी बसले होते. समोर कान तुटलेल्या कपात तो टाकून दिलेला खुंट उभा होता.

"बाबा, मी..."

"मुळं फुटली ना? तुम्ही उठायच्या आत मी रोज बघून येतो."

जावयाने आत बायकोकडे पाहिले.

"लेकीनं सांगितलंय मला. त्या खोल्यांत ऊन येतं का? त्याला ऊन लागतं."

"येतं."

"मग बरंय." सासऱ्यांनी कप तिरका करून खुंटाचे कापलेले टोक भिंतीकडे केले. "हा तुम्ही कचऱ्यात टाकलात. जगलाय, पण बोडका दिसतो. जायच्या आधी याच्यावर काहीतरी बसवून द्या, जावईबापू."

जावयाने खिशातले कचेरीचे पत्र चाचपले. मग स्टूल ओढून तो समोर बसला आणि कपाच्या कडेची माती अंगठ्याने पुसत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "जरा ब्लेड देता?"