एक तरी नाव

प्रेमिलाने शकूच्या तोंडावरून शकूचाच हात अलगद काढला. पोर पलंगाखाली भिंतीशी चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. गिरणीचा भोंगा कधीचा थांबला होता. बाहेर बंडीची चाकं खडखडत गेली, संत्रीवाला ओरडून गेला, तरी तिचा हात हटला नव्हता.

"झालं गं बाळा. ये बाहेर."

शकूने आधी दारातून अंगणाकडे पाहिलं. चंद्रभान तिथे भिंतीला पाठ लावून बसला होता. डोळे मिटलेले, मुठी मांड्यांखाली दाबलेल्या. आज त्याने काहीच केलं नव्हतं, नुसतं स्वतःला धरून ठेवलं होतं. पोर मात्र आपली आपण पलंगाखाली गेली होती.

हे आता रोजचं झालं होतं. तो ब्रह्मदेशातून परतला तेव्हा शेजारपाजारचे पाहायला आले, हारतुरे झाले. लढाईवर गेला तेव्हा शकू पोटात होती. आला तेव्हा ती धावायला लागली होती. आठवडाभराने भोंगा झाला आणि त्याने पोरीला उचलून थेट पलंगाखाली नेलं, तिच्या तोंडावर हात दाबून धरला. प्रेमिला कणीक भिजवत होती. कणकेच्या हातांनीच तिने त्याचं एकेक बोट सोडवलं, तोवर शकूचे ओठ काळसर पडले होते. नंतर तो दिवसभर आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. त्याच्याकडून तिला एवढंच कळलं, की तिकडे रानात आवाज करणारा माणूस सगळ्यांना घेऊन मरत असे.

तेव्हापासून तिने दोघांना एकटं सोडलं नव्हतं. विहिरीवर, बाजारात, कुठेही जायचं तर पोर कडेवर. रात्री तिला झोप लागली तरी कान जागेच असत. आणि हे सारं तिने घराच्या चार भिंतींत ठेवलं होतं. भिंती मात्र पातळ होत्या. पलीकडे जिजाबाई राहत असे आणि तिचा नत्थू चंद्रभानबरोबरच, एकाच पलटणीत, सिग्नलचं काम करून आला होता. पण जिजाबाईने कधी काही विचारलं नाही. प्रेमिलाने तिचे मनोमन आभार मानले होते.

तिने शकूची वेणी घातली, फ्रॉक बदलला. शिपायांच्या घरच्या बायकांची आज सीताबर्डीच्या मुलींच्या शाळेत बैठक होती. लढाईच्या दिवसांत या बायकांची पत्रं वाचता-लिहिता प्रेमिला त्यांच्या मंडळाची चिटणीस होऊन बसली होती.

"मी येते जाऊन," ती अंगणात येऊन म्हणाली. "भाकरी झाकून ठेवली आहे."

"पोरीले नेऊन राहिली?"

"हो."

त्याने मान हलवली. बरं केलंस, असंच जणू तो म्हणत होता, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

शाळेच्या बुटक्या बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. समोर खुर्चीवर देवराव वकील. नुकतेच असेंब्लीत निवडून आलेले, साधे, थोडे दमेकरी. काय चाललं आहे ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. मेंबरांच्या ठरावांसाठी चिठ्ठ्या टाकतात, या खेपेला त्यांची चिठ्ठी निघाली आहे. शिपायांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ते सरकारपुढे एक ठराव मांडू शकतात. एकच. मागण्या पुष्कळ आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण आधी कोणती, ते बायकांनी ठरवायचं.

त्याआधी हजेरी होती आणि हजेरीला नेहमीचा घोळ. प्रेमिला लिहायला बसली, की प्रत्येक बाईला आपल्या मालकाचं नाव विचारावं लागे आणि एकही बाई ते तोंडाने घेत नसे. मग शेजारची सांगे. आणि शेजारची बहुधा जिजाबाईच असे. विधवा, म्हातारी, साऱ्या वस्तीची माहितगार. आजही ती बाकाबाकावरून नावं पुरवत चालली होती.

"साऱ्याइच्या नवऱ्याइची नावं मीच घेऊन राहिली," ती शेवटी दम खात म्हणाली. "वर गेल्यावर आमचे ते मले विचारतीन, एवढे कुठचे वं?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. देवरावांनीही चष्मा पुसायचं निमित्त केलं. जिजाबाईचं स्वतःचं काम सोपं होतं. लेकाचं नाव घ्यायला कसली लाज? नत्थू माझा, घोड्यासारखा धडधाकट परत आला, असं तिने न विचारताही सांगून टाकलं.

मग एकेकीने आपापलं गाऱ्हाणं मांडलं. कुणाला जमीन हवी होती, कुणाला पोरांची फी माफ. वच्छलेचं म्हणणं सरळ होतं. आधी नोकऱ्या. तिचा रुपराव लढाईत मोटर हाकत होता, आता बर्डीच्या चौकात उभा राहतो, कुणी विचारत नाही. तारघरात, रेल्वेत परत आलेल्यांसाठी जागा राखल्या म्हणतात, तर त्या वाढवा आणि लवकर भरा. बायकांनी माना डोलावल्या. प्रेमिलाचीही हललीच असती. चंद्रभानचा अर्ज तारघरात गेलेला होता आणि महिन्याभरात बोलावणं येईल असा निरोप होता. हे बोलावणंच त्यांच्या घराचा सगळा आधार होता.

शकू मांडीवर झोपली होती. झोपेतही तिची मूठ हनुवटीशी होती. प्रेमिलाने लेखणी खाली ठेवली.

ती बोलू लागली तेव्हा आपलाच आवाज तिला परका वाटला. म्हणाली, काही जण अंगाने परत आले आहेत, पण तेवढेच. झोपत नाहीत. भिंत पाठीशी नसली तर बसत नाहीत. आवाज झाला की घरातल्या माणसांना लपवतात, आणि लपवताना दुखावतात. पागलखान्यात त्यांना टाकायचं नाही, ते वेडे नाहीत. पण दवाखान्यात त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड हवा, समजणारा डॉक्टर हवा, आणि तिथे गेलेल्या माणसाची नोकरी जाऊ नये असा नियम हवा. तिच्या मते हे आधी.

मग वच्छलेने नाक उडवलं.

"बी.ए. झालेल्या बाइले असे रोग सापडतेत पुस्तकात. आमचे तर बाप्पा चांगले खातेत, चांगले झोपतेत."

दोघी-तिघी हसल्या, पण थोड्याच. बाकीच्या आपल्या बांगड्यांकडे पाहू लागल्या. प्रेमिलाने एकेकीचा चेहरा पाहिला. पाहायची तिला सवयच लागली होती. एकीने कपाळावरची जुनी खूण पदराने झाकली. जिजाबाईचं तोंड, जे कधी बंद नसे, ते बंद होतं.

देवरावांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"प्रेमिलाबाई, विषय खरा आहे," ते म्हणाले. "पण मी उभा राहिलो की समोरून पहिला प्रश्न येईल, असे लोक आहेत कुठे? एक तरी नाव सांगा म्हणतील. नाव नसेल तर ती ऐकीव गोष्ट ठरते, मला खाली बसावं लागतं आणि ठराव फुकट जातो. त्यापेक्षा नोकऱ्यांचा मांडलेला बरा."

"आणि नाव असेल तर?"

"तर मांडीन. पण हेही आत्ताच सांगतो, मागून मला बोल लावू नका. ते नाव छापलं जाईल. ते कागद सगळ्या कचेऱ्यांत जातात. त्या माणसाला मग सरकारी जागा मिळणं कठीण."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि कागदावर हात ठेवून वाट पाहत बसले. बाहेर पटांगणात कुणी तरी झाडू मारत होतं.

सगळ्यांत मागच्या बाकावर रुखमाबाई बसली होती. उमरेडची, कोष्ट्याच्या घरची, मोटरने आलेली. बैठकीत ती कधी बोलत नसे. ती उभी राहिली.

"माह्या माणसाचं लिवा," ती म्हणाली.

रुखमाबाईचा माणूस इंफाळकडे पडला होता. ती तार प्रेमिलानेच तिला वाचून दाखवली होती. हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं, फक्त देवरावांना नव्हतं.

"अवं, तुही पेन्शन," जिजाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तो जिता आहे म्हणून लिवलं तर बंद होईन ना."

"होऊ दे झाली तं. त्याले आता कोन नोकरी देऊन राहिलं? त्याच्या नावाचं काई बिघडत नाई." तीही तशीच दबक्या आवाजात बोलली, पण पाहत होती प्रेमिलाकडे. त्या पाहण्यात उपकार नव्हता. सुताची गुंडी तुटली तर शेजारणीने आपली पुढे करावी, तसं होतं. "तुमी पोरीकडेच पाहून राहिल्या बाई. म्हनून म्हनलं."

देवरावांना दबकं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी कागद पुढे ओढला. "बरं. यजमानांचं नाव?"

रुखमाबाईने सवयीने जिजाबाईकडे पाहिलं. साऱ्या बायकांनीच पाहिलं. जिजाबाईने बाकाच्या कडेला हात धरला होता, आणि तिच्या तोंडून नाव येत नव्हतं.

प्रेमिलाला तारघर दिसलं. खिडकीशी बसलेला चंद्रभान, कानाला यंत्र लावलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला. लढाईआधी होता तसा. मग मांडीवरचा भार तिला जाणवला. शकू कूस बदलत होती आणि तिची मूठ उघडून ओठांकडे सरकत होती. प्रेमिलाने ती वाटेतच धरली.

"चंद्रभान बाबाराव भोयर," ती म्हणाली.

देवरावांनी लिहून घेतलं आणि वर पाहिलं. "हे रुखमाबाईंचे?"

"नाही. माझे."

कुणीतरी मागे सुस्कारा टाकला. नवऱ्याचं नाव असं कोरडं, दोन ओळी न जुळवता घेतलेलं त्या बायकांनी कधी ऐकलं नव्हतं. एरवी तेवढ्यावरूनच थट्टा झाली असती. वच्छलेने खाली वाकून चपला शोधायला सुरुवात केली आणि तिला त्या लवकर सापडल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर जिजाबाई बरोबर होती, पण चार हात मागून चालत होती. प्रेमिलाने एकदोनदा थांबून पाहिलं, तशी तीही थांबली. वस्तीच्या तोंडाशी आल्यावर ती काही न बोलता आपल्या दाराकडे वळली आणि आत जाऊन तिने कडी लावली. भर दिवसा ती कडी लावत नसे. प्रेमिलाला वाटलं, म्हातारीला राग आला. मोठ्या घरची नाही, पण अब्रूची बाई; शेजारणीने चव्हाट्यावर नवऱ्याला वेडा ठरवला, आता ती चार जणींत सांगेल. सांगू दे. आज ना उद्या छापून येणारच होतं.

चंद्रभान ओट्यावर होता, भिंतीला पाठ लावून. भाकरी त्याने खाल्ली होती आणि ताटली घासून पालथी घातली होती. शकू कडेवरून उतरून कोंबड्यांमागे गेली. प्रेमिला त्याच्या समोर न बसता बाजूला, त्याच भिंतीला टेकून बसली आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. रुखमाबाईचंही सांगितलं.

तो ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. ओट्याच्या कडेवरून मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडे तो पाहत होता.

"म्हणजे तारघर गेलं," तो म्हणाला.

"गेलंच असेल."

"आणि त्या वॉर्डात पोरीले भेटू देतीन?"

"तो अजून व्हायचा आहे. होईलच असंही नाही." ती त्याच्याकडे वळली. "विचारायला हवं होतं मी तुम्हाला आधी."

पलीकडच्या घरात काही तरी पडलं, पितळेचं, आणि त्यावर जिजाबाईचा दबका आवाज, नत्थूला लहान मुलासारखं समजावणारा. चंद्रभानचे खांदे ताठ झाले, मग हळूहळू उतरले.

"नंबर सांगतला?" त्याने विचारलं.

"कसला नंबर?"

"माहा. पलटणीतला. नुसत्या नावानं ते म्हणतीन, असे दहा चंद्रभान असतीन. नंबर असला की नाई म्हणता येत नाई त्याइले."

ती कागद आणायला उठू लागली. त्याने नको म्हणून मान हलवली आणि नंबर म्हणून दाखवला, सावकाश, एकेक आकडा तोडून. ती त्याच्या मागोमाग म्हणाली. एक आकडा चुकला. त्याने दुरुस्त केला आणि पुन्हा म्हणायला लावलं. परत आल्यापासून एवढं ते दोघं सलग बोलले नव्हते.

"आला," तो म्हणाला. "आता दुसरा."

त्याने आणखी एक नंबर सांगितला. शेवटच्या आकड्यांपर्यंत तो तितक्याच सवयीने आला, जणू हाही तो रोज झोपण्याआधी म्हणत असावा. प्रेमिलाने तो म्हटला आणि मग थांबली.

"हा कोणाचा?"

चंद्रभानने डोकं मागे टेकवलं आणि बोटाने भिंतीवर एकदाच, अगदी हळू टकटक केलं. पलीकडचा आवाज थांबला.

"म्हातारीले आधी विचार," तो म्हणाला. "मग वकिलाले दे."