हौशीरामचं खरं वय

आमच्याकडं एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मली. आयांनी तसा काही ठराव केला नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप डोकं खाजवायचा, आणि गुरुजी आपल्या मनानं एक जून टाकून मोकळे व्हायचे.

शिरूरच्या सार्वजनिक बागेत चौतीस वर्षं माळीकाम केलेला हौशीराम याच तारखेचा. एकतीस मेला साठ भरून तो घरी जाणार, हे कागदावर पक्कं होतं. पण त्याला जायचं नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा सणसवाडीला कंपनीत, त्याच्या एका खोलीत त्यांचेच चौघं. बाग सुटल्यावर सकाळी उठून करायचं काय? त्यातून ऐन पावसाच्या तोंडावर माळ्याला घरी पाठवायचं, म्हणजे वरात दारात आल्यावर आचाऱ्याला रजा देण्यातला प्रकार.

आणि मग त्याला आठवलं. आई म्हणायची, तू तुळशीच्या लग्नाला झालास. म्हणजे अजून चांगले पाच महिने शिल्लक होते!

निरोपाच्या दिवशी सकाळीच त्यानं तसा अर्ज बागखात्याच्या सत्यजीत साहेबांपुढं ठेवला. साहेब वयानं लहान, पण माणूस मिश्कील.

"मामा, हार आलाय, पेढे आलेत, आणि तुम्ही आता जन्मच पुढं ढकलताय? साक्षीदार कोण?"

"थोरली भन हाय की, कुशाबाई. निरोपाला म्हणून मांडवगण फराट्यावरनं येतीय. तिलाच इचारा."

कुशाबाई आली. खुर्चीवर मांडी घालून बसली, बशीतला चहा शांतपणे संपवला आणि मग साहेबांकडं वळली.

"तुळशीच्या लग्नाला झाला, ते खरं हाय."

हौशीरामची छाती फुगली.

"पर साल चुकलंय तुमचं. माझ्या लग्नात ह्यो पाच वर्साचा व्हता, मांडवभर हुंदडत व्हता. फुडल्या साली माझा ज्ञानेश झाला, आन् ज्ञानेशला आता सत्तावन्न सरली. करा बेरीज."

शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं बोटं मोजली. "त्रेसष्ट होतात, साहेब."

साहेबांनी अर्जाची घडी घातली आणि स्वतःच्या हातानं हौशीरामच्या खिशात कोंबली.

"मामा, हा कागद कुणाला दाखवू नका. तीन वर्षं जादा नोकरी केलीत म्हणून चौकशी लागली, तर तुमच्या मागोमाग मीही घरी. चला, हार घालून घ्या."

हार झाला, शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. सगळ्या फोटोंत हौशीराम काढा प्यायल्यासारखा उभा आहे. बहिणीला एस्टीत बसवायला स्टँडवर आल्यावर मात्र त्याचा बांध फुटला.

"आक्का, पाच वर्साचा? तुझ्या लग्नात मी कडेवर मुतलो, नवा शालू भिजवला, हे तूच साऱ्या भावकीला सांगत आलीस. पाच वर्साचं पोरगं कडेवर असतंय व्हय?"

"दोन वर्साचा व्हतास," कुशाबाई म्हणाली. तिच्या आवाजात चोरी नव्हती की लाज नव्हती.

"मग खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते आन् त्यांनी पाच महिनं दिलं असतं म्हंजी?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "भाऊबीजेला येतोस, घास गिळला न्हाई गिळला की उठतोस. बागंला पाणी घालायचं हाय! चौतीस वर्सं ऐकतीय मी. आता पंचाहत्तरीला आले, हौशा. तुला पाच महिनं हायती. मला हायती का न्हाई, कुणाला ठावं?"

आपल्याला कुणी बोलावत नाही म्हणून तो रडत होता, आणि ही बाई जवळजवळ तीन तपं ताट वाढून बसली होती. हौशीरामला स्वतःची भयंकर लाज वाटली.

एस्टी लागली. कुशाबाई चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं आपली पिशवी ठेवली. तीन माणसांनी ती जागा मागितली, तिघांनाही तिनं हाकललं.

हौशीराम दारात उभा होता. गळ्यात हार तसाच.

"आक्का, कपडं घिऊन उद्या येतो."

"ज्ञानेशची हायती," कुशाबाई म्हणाली, आणि तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.