शिखरावरच्या वहीतल्या सह्या

आमच्या इन्सब्रुकमध्ये बिअरच्या टेबलाशी काहीही ठोकून द्यावं, शिखरावरच्या वहीत मात्र खोटं लिहू नये. वर क्रुसाखाली पत्र्याच्या पेटीत ही वही असते. पायी चढून आलेला माणूस तीत सही करतो. मी दर रविवारी करायचो. जायचो मात्र केबल कारने.

गुरुवारी टेबलाशी माझी गोष्ट फुगायची. "त्या चढावर एका गरुडाला असा मागे टाकला, की बिचाऱ्याने लाजेने घरटं हलवलं!"

सगळे खिदळायचे. माझा शेजारी कास्सियान तेवढा गप्प. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"रोमेद, तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा," एकदा तो म्हणाला. "तू चढतोस, तर मला काय धाड भरलीय? या रविवारी मीही येतो."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर गेला खड्ड्यात. त्याची सही आहे का वहीत?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "स्वेटर घे."

रविवारी चढाच्या तिसऱ्या वळणावर त्याचे ओठ निळे पडले.

"जरा बसू या," मी म्हटलं.

"तू बसतोस इथे?"

"...नाही."

"मग चल की!"

डोक्यावरून केबल कारची केबिन सरकत गेली. त्याने छाती धरली आणि पुन्हा पाऊल उचललं. माझ्या गरुडापायी हा माणूस मरणार होता.

"कास्सियान, थांब. मी केबिनने येतो रे. दर रविवारी."

तो दगडावर बसला. छाती चोळत म्हणाला, "आणि गरुड?"

"गरुडही नाही."

आम्ही उतरून केबल कारच्या खालच्या स्टेशनात आलो. दारावर तिकिटं तपासणारी नोटबुर्गा ओरडली, "रोमेदकाका, आज उशीर? तुमचा कोपरा धरून ठेवलाय!" मी बुटांकडे बघत केबिनमध्ये शिरलो.

वरच्या स्टेशनापासून क्रुसापर्यंत दहा मिनिटांची वाट. त्याला धरून नेताना अर्धा तास लागला. त्याने वही काढली, स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'केबिनने' असं लिहिलं. मग मागची पानं उलटून पेन्सिल माझ्या हातात दिली.

"लिही. एकेका सहीपुढे."

एक्केचाळीस सह्या होत्या. बोटं बधिर झाली. मे महिन्यातल्या एका सहीशी पेन्सिल अडली. त्या दिवशी वाऱ्यामुळे केबिन बंद होती, आणि रविवार चुकू नये म्हणून मी खरोखरच पाच तास चढलो होतो.

"काय झालं?" कास्सियानने विचारलं. अजून त्याला धाप लागलेली होती.

"काही नाही," म्हटलं, आणि तिथेही 'केबिनने' लिहून टाकलं.