मागची गाडी आरशात दिसेपर्यंत

०.० कि.मी.
वनखात्याचं फाटक. काटा शून्यावर आणा. आणलात का? मागच्या खेपेला विसरला होतात.

ही ओळ वसुमतीच्या अक्षरातली आहे. दोनशे पानी वही, आणि तिच्यात नुसते रस्ते. त्रिविक्रम पिकअप चालवायचे, वसुमती शेजारी बसून किती किलोमीटरवर काय लागलं ते लिहायची: तिठा, ओढा, चढ. मधेमधे नवऱ्याचे कान उपटायची. नऊ वर्षांत अशा चार वह्या भरल्या. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या, हर्षिताच्या, बाळंतपणासाठी ती मेलबर्नला गेली. सहा महिन्यांसाठी. मग दुसरं नातवंड झालं. मग तिथल्या भजनी मंडळानं तिला पेटीवर बसवलं. ‘येते, येते’चं हळूहळू ‘तुम्हीच या की इकडे’ झालं. भांडण नाही, तंटा नाही. बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या घरात, कुकर एका माणसाचा लागायला लागला, एवढंच.

आज शेजारच्या सीटवर वही आहे. तिला पट्टा लावलाय, कारण न लावता ठेवली की खड्ड्यात उडून पायाशी पडते.

उणे ६१.० कि.मी.
ही नोंद वहीत नाही. शुक्रवार, शिवाजीनगर, बसवंतचं गॅरेज.

“साहेब, गिऱ्हाईक हाय बघा,” हात पुसत बसवंत म्हणाला. तो खानापूरकडचा, वीस वर्षं याच गल्लीत. “कॉफीवाला हाय. तुमचा पिकअप बघून खुळा झालाय. सोमवारपर्यंत सांगा, न्हाईतर दुसरी घेतोय म्हणाला.”

“सांगतो सोमवारी.”

“डावा आरसा ढिला झालाय. आवळू काय? नको, ऱ्हाऊ दे. विकायचीच हाय तर कशाला.”

“उद्या एक फेरी आहे रे. शेवटची.”

“होय की. जावा. शेवटची म्हणताना तीन झाल्या.”

त्रिविक्रम हसले. पण या खेपेला ते खरंच शेवटची म्हणत होते, आणि का ते बसवंतला सांगण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षं ते ताफ्यात शेवटची गाडी होते. शेवटचा म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा, अडकलेल्यांना ओढून काढणारा. पुढे कुणी आपली वाट बघतं का, हे त्यांना कधी कळलंच नाही. कारण शेजारी वसुमती असायची, आणि दोन माणसं मागे राहिली तर ती मागे राहिली असं त्यांना स्वतःला वाटतच नाही.

आता एकच बघायचं होतं. आपण मागे आहोत हे पुढे कुणाच्या ध्यानात असतं का? असलं, तर गाडी ठेवायची. नसलं, तर सोमवारी किल्ली बसवंतच्या हातात आणि महिनाभरात मेलबर्न. साठी उलटलेल्या माणसानं असा कौल लावावा हे पोरकट आहे, हे त्यांना कळत होतं.

०.० कि.मी. (पुन्हा)

फाटकाशी आठ गाड्या. बेंगळुरूतल्या मराठी मंडळींचा गट. महिन्यातून एकदा नवशिक्यांसाठी सोपी वाट धरायची: चौदा किलोमीटर जंगलातला कच्चा रस्ता, पलीकडे एका आमराईत तंबू. परवानगी संध्याकाळी सहापर्यंतची; सहानंतर रस्ता हत्तींचा.

गटाचा म्होरक्या संग्राम, पुण्याचा, इंदिरानगरात नोकरीला. उत्साही पोरगा, बोलताना कधी समोरच्याकडे बघायचा नाही, पण मनानं वाईट नाही.

“काका, आज तुम्ही लास्ट नाही हं! विश्वेश्वर डिझेल भरायला थांबलाय. तो मागून येईल, तुमच्या मागे लागेल. नऊ गाड्या.”

“माझ्या मागे?”

“हो. प्रमोशन झालं तुमचं!”

त्रिविक्रमांना उगाचच बरं वाटलं. आरशात बघायला आज कुणीतरी असणार होतं.

त्यांच्या पुढची, सातवी, गाडी लाल होती. आत मनस्विनी नावाची तिशीतली मुलगी. एकटी, पहिलीच वेळ, स्टिअरिंग असं धरलेलं जसं कुणी हिसकावून नेणार आहे.

“अंगठे आत नको,” त्रिविक्रम खिडकीशी जाऊन म्हणाले. “दगडावर चाक चढलं की स्टिअरिंग गरकन फिरतं, अंगठा मोडतो. चारही चाकांतली हवा स्वल्प कमी केलीस ना? सरी, ठीक. लहान गिअर, कमी वेग, ब्रेकवर नाचायचं नाही.”

“आणि चुकले तर?”

“चुकणार नाहीस. एकच नियम पाठ कर. वळण आलं की थांबायचं. मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळण सोडायचं नाही. ती दिसली की मग पुढे.”

“आणि नाहीच दिसली तर?”

“तर थांबायचं. उलटं फिरून शोधायला जायचं नाही, अरुंद वाट आहे. मागचा येतोच.”

तिनं शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली. पुढचे सहा जण फोनवरचा नकाशा लावत होते.

१.८ कि.मी.
चढ. सुटे दगड. स्वल्प हळू. हळू म्हटलं ना!

हळूच घेतला.

६.२ कि.मी.
तिठा. डावीकडे घ्या. उजवीकडे जुनी खाण, रस्ता मधेच संपतो. अहो, संपतो म्हणजे संपतो.

दुपारचा सव्वा वाजला होता. लाल गाडी डावीकडे वळून बांबूंच्या आड गेली. जाताना तिचा मागचा दिवा एकदा लागला. म्हणजे तिनं आरशात यांना बघून घेतलं होतं. त्रिविक्रम थांबले. इंजिन बंद केलं. आरशात मोकळा रस्ता, आणि आरसा ढिला असल्यामुळे तो रस्ताही खाली खाली घसरणारा. हातानं वर केला.

विश्वेश्वर येईल. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

६.२ कि.मी.

दोन वाजून गेले. वॉकी-टॉकी नुसती खरखरत होती. मधे डोंगर असला की ती कुणाचीच नसते. फोन तर फाटकापासूनच मेलेला. डब्यातला दहीभात त्यांनी बॉनेटवर ठेवून खाल्ला. लोणच्याची फोड शेवटी चोखायची सवय वसुमतीला आवडायची नाही. आज सावकाश चोखली.

दीड-एक किलोमीटर पुढे जाऊन सांगून यावं का? पण तेवढ्यात विश्वेश्वर आला आणि उजवीकडे वळला तर? खाणीच्या तोंडाशी कठडा नाही. तिठा सोडता येत नव्हता.

आणि सोडायची गरजही नव्हती. नियम होता. आपण दिसलो नाही की पुढची गाडी थांबणार, तिच्या पुढची तिच्यासाठी थांबणार. थांबे असे मागून पुढे सरकत संग्रामपर्यंत पोचतात, आणि संग्राम परत फिरतो. ताफा म्हणजे दुसरं काय असतं?

६.२ कि.मी.

तीन वाजून वीस मिनिटं.

एक मोर रस्ता ओलांडून गेला. परत आला. पुन्हा गेला. त्याचंही काही ठरत नसावं.

त्रिविक्रमांनी वहीची पुढची पानं चाळली. ७.६, दुसरं वळण. ९.३, ओढा. १४.१, आमराई. प्रत्येक ओळीत ती त्यांना रागावत होती. आता फोनवर ती रागवायची नाही. ‘जेवलात ना? बरं.’ रागावण्याइतकं जवळ नसलेल्या माणसाशी आपण सगळेच असे गोड बोलतो.

पुढून कुणी आलं नाही.

६.२ कि.मी.

चार वाजून चाळीस मिनिटं. काटा तोच, पान तेच. कौल लागला होता. तीन तास पंचवीस मिनिटांत पुढच्या सात गाड्यांतल्या एका माणसाच्याही डोक्यात आलं नाही, की तो म्हातारा कुठाय. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. ऑफिसातून निवृत्त झाले त्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना वाटलं होतं तसं काहीसं वाटलं. खण इतका लहान होता होय?

त्यांनी गाडी वळवली. मागे फाटक सहा किलोमीटर, सातला घरी. एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे. तोंड फाटकाकडे झालं.

मग ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

विश्वेश्वरचं काय? परतताना वाटेत भेटला तर ठीक, पण नाहीच भेटला, तर एक गाडी बेपत्ता आहे हे संग्रामला सांगायला नको? फाटकावरचा माणूस पाचला वही मिटून बसतो. सांगायचं तर पुढेच जायला हवं. आपली कुणाला फिकीर नाही, हे कळल्यानंतरसुद्धा माणसाला दुसऱ्याची फिकीर सोडता येत नाही. हा एक शापच.

“थत्,” ते मोठ्यानं म्हणाले आणि पुन्हा तीन झटक्यांत गाडी फिरवली.

७.६ कि.मी.
वळण. मोठा खडक. इथे चहा प्यावा असं मला वाटतं. तुम्हाला कधी वाटत नाही.

खडकाला लागून लाल गाडी उभी होती.

काचा वर, दारं बंद. आत मनस्विनी, मांडीवर चकलीची रिकामी पिशवी. पिकअप दिसताच तिनं काच चार बोटं खाली केली.

“काका! कुठे होतात तुम्ही? तीन तास! साडेतीन तास!”

“तू इथं काय करतेयस?”

“काय करतेयस म्हणजे? थांबलेय! तुम्हीच सांगितलंत ना, मागची गाडी दिसेपर्यंत वळण सोडायचं नाही. उलटं फिरायचं नाही. मागचा येतोच. येतोच म्हणे!”

“आणि बाकीचे?”

“गेले. माझ्या पुढच्या गाडीतला रविकिरण म्हणाला, चल गं, काका येतील, त्यांना पाठ आहे रस्ता. मी म्हटलं, तुम्ही जा.”

त्रिविक्रम उतरले. खडकापाशी आले.

“मी विश्वेश्वरसाठी थांबलो होतो. तिठ्यावर.”

तिनं काच पूर्ण खाली केली. “विश्वेश्वर? ते तर फाटकापर्यंत आलेच नाहीत. बाळाला ताप आला म्हणून परत गेले. चढावर संग्रामच्या फोनला रेंज आली तेव्हा कळलं, त्यानं वॉकीवर सांगितलं की. तुम्ही ऐकलं नाहीत?”

“नाही.”

“म्हणजे तुम्ही तिथे न येणाऱ्या गाडीसाठी, आणि मी इथे…” तिनं कपाळावर हात मारला. हसली नाही. “काका, आता आधी एक करा. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा आणि हत्ती आला तर ओरडा. दोन तास धरून बसलेय मी.”

ते पाठमोरे उभे राहिले. बांबू करकरत होते. दीड किलोमीटर, त्यांनी मनात म्हटलं. एक हजार चारशे मीटर. एवढ्या अंतरावर दुपारभर कुणीतरी आपल्यासाठी आरशात बघत होतं.

ती परत आली. पाण्याची बाटली तोंडाला लावताना म्हणाली, “खरं सांगू? सव्वापाच झाले असते ना, तर मी निघणार होते. नियम गेला खड्ड्यात.”

“बरोबर आहे.”

“आणि तुम्ही काका नावानंच माहीत आहात मला. नाव काय तुमचं?”

“त्रिविक्रम.”

“बाप रे,” ती म्हणाली. “काकाच बरं.”

९.३ कि.मी.
ओढा. मी उतरून बघते, तुम्ही थांबा.

उतरून बघायला ते स्वतःच गेले. पाणी पोटरीपर्यंत, तळ घट्ट.

“तुम्ही पुढे व्हा,” मनस्विनी म्हणाली. “मी तुमच्या चाकांवरून येते. मला भीती वाटते.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मागे गाडी होती. ओढा ओलांडून ते वळणावर थांबले. डावा आरसा घसरला. हातानं वर केला आणि धरूनच ठेवला. आधी पाणी दिसलं. मग झाडं. मग लाल टप, मग काचेमागे दोन हात. अंगठे बाहेर होते.

१४.१ कि.मी.
आमराई. पोचलो. वेळेत!

सहाला दहा कमी होते. आमराईत गाणी लागली होती, शेगडीवर कोळसे पेटले होते.

“आलात काका?” संग्राम कांदे कापता कापता म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही मघाशीच आलात. तंबू तिकडे लावा, कडेला. इथे जागा भरली.”

मनस्विनी तोंड उघडणार होती. त्रिविक्रमांनी मान हलवली, राहू दे. नीलिमा नावाच्या मैत्रिणीनं तिला हाक मारली, तशी ती घोळक्यात गेली. तिथल्या हशात तिचा आवाज थोड्या वेळानं वेगळा ओळखू येईनासा झाला.

कडेला त्यांनी तंबू लावला. एका माणसाचा तंबू लावायला चार मिनिटं लागतात. चहा केला, प्याला. मेलबर्नमध्ये आता झोपले असतील सगळे. फोनला इथेही रेंज नव्हती, आणि असती तरी सांगणार काय? दिवसभर एका तिठ्यावर बसलो होतो म्हणून? ती म्हणाली असती, ‘जेवलात ना? बरं.’

टॉर्च दातांत धरून त्यांनी वही उघडली. ७.६च्या ओळीपुढे थोडी जागा होती. वसुमतीच्या वहीत त्यांनी कधीच काही लिहिलं नव्हतं. लिहिलं:

इथे चहा घेतला नाही. पुढच्या वेळी घ्यावा. दोघांपुरता डबा आणावा.

आणि मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला:

सोमवार. बसवंत. डावा आरसा आवळून घेणे.