आर्डिथची शेव्हेल

ओहायोतल्या त्या जत्रेच्या मैदानावर दर जूनमध्ये जुन्या मसल गाड्यांचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन मोटारींचा, मेळा भरायचा आणि आर्डिथ कोबलेन्झ तो कधी चुकवायची नाही. पुढे गवतावर चकाकत्या गाड्यांच्या रांगा, मागे गुरांच्या गोठ्यांपलीकडे सुट्या भागांचा बाजार. तिची नारिंगी शेव्हेल सत्तर सालची. टायरच्या कारखान्यात रात्रपाळ्या करून तिने ती स्वतःच्या कमाईने कोरी घेतली होती. तरी दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, गाडी नवऱ्याची का?

"गाडी नवऱ्याआधी आली," आर्डिथ सांगायची, "आणि नवऱ्यानंतरही आहे."

गेल्या वर्षी मधुमेहापायी तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हाच तिच्या मुलाने, लायलने, ठरवून टाकलं की आईचं गाडी चालवणं संपलं. पोरगा वाईट नव्हता. दर रविवारी येऊन अंगणातलं गवत कापून जायचा. पण क्लच दाबायला पाय नाही, तर गिअरची गाडी ठेवून करायचं काय, हे त्याचं पालुपद. या वर्षी त्याने शेव्हेल ओढून ट्रेलरवर चढवली आणि आईला आपल्या ट्रकमध्ये शेजारी बसवून आणलं.

आर्डिथने वाद घातला नव्हता. हिवाळाभर शेजारच्या मर्व गिडिंग्जला हाताशी धरून तिने आपलं काम चालवलं होतं. क्लचपासून एक जाड केबल गालिच्याखालून गिअरच्या दांड्यापर्यंत आणून ठेवली होती. आता हवी होती फक्त क्लच हाताने दाबायला, मोटरसायकलला असते तशी मूठ. तिने आणलेल्या नव्या मुठी जोर देताच वाकायच्या. जुनी, दणकट मूठ मिळाली तर ती या बाजारातच मिळणार होती. लायलला तिने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

तंबूमागून तंबू पालथे घालत, कुबड्या टेकत, ती गंजक्या लोखंडाचे ढीग उपसत राहिली. अखेर एका म्हाताऱ्याच्या पेटीत तळाशी लष्करी मोटरसायकलची मूठ सापडली. आर्डिथने ती जीव खाऊन दाबली. वाकली नाही.

परत येऊन बघते तर शेव्हेलच्या काचेवर पाटी: विकणे आहे. शेजारी लायल एका पांढऱ्या टोपीवाल्याशी बोलत होता. त्या गृहस्थाचं नाव हॉल्स्टेड. त्यांनी गाड्या ठेवायला खास दालन बांधलं होतं, तिथे धूळसुद्धा शिरत नाही, असं त्यांनी आर्डिथला मोठ्या आपुलकीने सांगितलं. चालवता कधी, असं तिने विचारलं. अशा गाड्या चालवायच्या नसतात, ते म्हणाले.

"आई, मी तुझ्यासाठीच करतोय," लायल हळू आवाजात म्हणाला. "रोज गॅरेजमध्ये तिच्याकडे बघत बसतेस. मला बघवत नाही."

"मग नको बघूस."

तिने पाटी काढली, गाडीच्या दाराशी गवतावर पालथी घातली आणि तिच्यावर पाने-पक्कड मांडले. मग चालकाच्या जागी बसून मूठ दांड्याला आवळायला घेतली. मेळ्याला आलेला मर्व सरबताचा पेला घेऊन आला आणि वाकून बघू लागला.

"अगं, चारचौघांत बंद पडली तर?"

"तर परत चालू करीन. तो पाना दे इकडे."

हळूहळू माणसं जमली. काम झाल्यावर आर्डिथने किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की पलीकडच्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघू लागली. तिने मूठ दाबली, पहिला गिअर टाकला, मूठ सोडली. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली. गर्दीत कुणीतरी हसलं. लायल खिडकीशी आला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"बाजूला हो," ती म्हणाली. "तुझ्या पायावरून चाक जाईल. घरात एक पाय गेला तेवढा पुरे."

या खेपेला तिने मूठ सावकाश सोडली. शेव्हेल गवतावरून फाटकाकडे निघाली. गर्दी पांगेपर्यंत गाड्या हलवायच्या नाहीत, असं फाटकावरचा माणूस सांगू लागला. आर्डिथ थांबली खरी, पण इंजिन चालूच ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मुकाट्याने फाटकाची दोरी सोडली.

लायल रिकामा ट्रेलर घेऊन मागोमाग आला. गावाबाहेरच्या चढावर सिग्नल लाल झाला. हिरवा होताच शेव्हेल मागे घसरली, ट्रकच्या नाकाला टेकता टेकता राहिली. मागून भोंगे वाजू लागले. आर्डिथने मूठ गच्च दाबून धरली. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, टाच अ‍ॅक्सिलरेटरवर, असा एकाच पायाने दोन्हींचा तोल धरून तिने मूठ जरा जरा सोडली. मागची चाकं किंचाळली आणि गाडीने चढ घेतला.

घरी पोचल्यावर लायलने ट्रक अंगणात लावला. मग उतरला आणि म्हणाला, "मला अजूनही पटलेलं नाही."

"नसू दे पटलेलं," आर्डिथ म्हणाली. तिच्या तळव्यावर मोठा फोड आला होता. त्याच्यावर रुमाल गुंडाळून तिने शेव्हेल पुन्हा चालू केली आणि आणखी एक फेरी मारायला रस्त्यावर काढली.