खोटं हाय म्हण

कावळ्याची जात मला डोळ्यांसमोर नको. परसात उतरला की हातात असंल ते फेकून मारते, मग ते उलथनं असू दे न्हायतर पायातली वहाण. शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या. त्यांच्या घरातलं काय गेलंय!

आमच्याकडं रीत हाय. कावळा शिवला, म्हणजे उडता उडता त्याचं पंख माणसाला लागलं, की त्या माणसाचं मरण जवळ आलं म्हणतात. त्याच्यावर तोड एकच. ते माणूस मेलं असा खोटा निरोप त्याच्या सगळ्यात जिवाभावाच्या माणसाकडं धाडायचा. तिकडं ते खरं समजून ऊर बडवून रडतं. पुरतं रडून झालं की निरोप्या हसून म्हणतो, "खोटं हाय, कावळा शिवला व्हता." मग त्याच्या हातावर गूळ ठेवायचा. जितकं रडणं, तितकं आयुष्य वाढतं.

दिवाळीच्या आधी मला शिवला. परसात धुणं वाळत घालत व्हते, मेला डोक्यावरचा पदर ओढून गेला. आता माझ्यासाठी रडणार कोण? कळायच्या आधी नवरा गेलेली, भावाच्या घरी राहिलेली बाई मी. भाऊ माणिकप्पा तर घरातच. राहिली त्याची लेक, शिवगंगा. तिची आई तिला पाळण्यात टाकून गेली, तवापासून म्याच तिला वाढवली. न्हाऊ घातलं, मारलं, कुरवाळलं, लगीन लावून उमरग्याच्या पल्याड दिली. मला आत्या म्हणायची, पण आईला बोलावं तसं बोलायची. तिच्याकडं रामलिंगला धाडलं. रामलिंग आमच्या गावचा निरोप्या. गरीब गायच म्हणा की. खोटं बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा.

"अक्का, पोरगी लई रडली वं," परत येऊन त्यानं सांगितलं. "मला बघवंना. म्या लवकरच सांगून टाकलं."

"लवकर का सांगितलंस, मुडद्या? माझं आयुष्य कापलंस की!" म्या त्याच्यावर वराडले. पण खरं सांगते, आतून गोड वाटलं. कुणीतरी हाय म्हणायचं आपल्यासाठी रडायला.

मग अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत शिवगंगा भेटली. भेटल्या भेटल्या माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

"लाज वाटत न्हाय, आत्या? मी हितं मरायला टेकले, आन् तू तिकडं भाकरी खात बसलेली!"

"मग का उपाशी मरू?"

"थांब तू. एक दिवस मी बी असाच निरोप धाडीन. बघू तू किती रडतीस ते."

"धाड की. अशी रडंन, अशी रडंन, की तुझ्या सासूला घरात बसून ऐकू जाईल."

दोघी हसलो. मग तिनं भंडाऱ्याचं बोट माझ्या कपाळाला लावलं आन् कानात सांगितलं, तिला दिवस गेलेत. यवा! माझं हसणं तिथंच थांबलं. मला आधीचं आठवलं.

आदल्या पावसाळ्यात तिचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं व्हतं. घर जुनं, माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, ते चाळणी झालेलं. झडीत सगळीकडून गळलं. बाज हिकडं सरकव, तिकडं सरकव, कोरडी जागाच सापडंना. बाजेखालची शेगडी सुद्धा विझली. लेकरू गारठलं ते गारठलंच. कुणी मला बोललं न्हाय. माणिकप्पा तर त्यानंतर कुणाशीच बोलंना.

म्हणून संक्रांत झाल्यावर तो लेकीला बाळंतपणाला न्यायचं विचारायला गेला, तवा तिची सासू शांतम्मा म्हणाली, "एक लेकरू तुमच्या घरात भिजून गेलं. दुसरं मी न्हाय पाठवायची." शिवगंगा दाराआडून म्हणाली, "मला आत्याजवळच जायचंय." सासूनं लई वेळ विचार केला म्हणं. मग म्हणाली, "परसात निराळी खोली बांधा. गळायची न्हाय अशी. जोडून न्हाणी करा, बाईमाणसानं उघड्यावर न्हायचं न्हाय. झालं की निरोप द्या, मी स्वतः गाडीत बसवून देते."

बाई तोंडाची फटकळ, पण चुकीचं काय बोलली? म्या तिला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या आन् दुसऱ्या दिवशी पदर खोचला.

शिमग्यानंतर कामाला हात घातला. निजामाचं राज, वर गोऱ्या साहेबाची लढाई चाललेली. पत्रा मागायला तालुक्याला गेलं की "कल आव, परसों आव." माणिकप्पा दोनदा जाऊन हात हलवत आला. म्या म्हटलं, मसणात जाऊ दे तुझा पत्रा, मातीचंच करू, पण असं करू की वरून नदी गेली तरी खाली कळायचं न्हाय. धुळाप्पा गवंड्याला बोलावलं. हा धुळाप्पा म्हणजे हातापेक्षा तोंड जास्त चालवणारा. एक दगड बसवायचा, एक विडी वढायची, एक गोष्ट सांगायची.

"अक्का, भिंतीला घाई चालत न्हाय. भिंत बसली पाहिजे."

"भिंतीच्या आधी तूच बसतोस की रे! उठ."

भिंती उभ्या राहिल्या. वैशाखाच्या उन्हात माणिकप्पानं बांधावरची बाभळ पाडली, तिच्या तुळया केल्या. तुळयांवर बारक्या फांद्या दाटून लावल्या, त्याच्यावर लिंबाचा पाला, त्याच्यावर चिखल. मग पडक्या गढीची पांढरी माती. ती मी डोक्यावरून वाहिली. पांढऱ्या मातीतनं पाणी उतरत न्हाय. एक थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, लाकडी चोपण्यानं चोपायचा. मग दुसरा. माणिकप्पा दिवसभर वर बसून चोपायचा. धप्, धप्, धप्. त्याच्या पाठीची सालटं निघाली, तरी खाली उतरंना. म्या म्हणायचे, "माणिक, दम खा." तो म्हणायचा, "अक्का, ह्या खेपेला थेंब पडू द्यायचा न्हाय." त्या घरात लई दिवसांनी त्याचा आवाज ऐकू येत व्हता, म्हणून मी बी मुद्दाम काहीबाही विचारत राहायचे.

न्हाणीला शहाबादी फरशी आणली. पाणी तापवायला बाहेरून चूल लावायची सोय केली, म्हणजे धूर आत नको. कोनाडा कुठं करायचा ह्यावरनं माझं आन् धुळाप्पाचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणं दाराजवळ. म्या म्हटलं, बाळंतीण दिव्यासाठी उठून दारापर्यंत जाईल का तुझ्या बापाची? बाजेवर पडल्या पडल्या हात पुरला पाहिजे. शेवटी मी जमिनीवर आडवी पडले, हात लांब केला, आन् म्हटलं, हितं. धुळाप्पा हसून हसून खोकायला लागला. पण कोनाडा तिथंच केला.

काम उरकत आलं तसा रामलिंगला निरोप देऊन धाडला. खोली झाली, गाडी घेऊन येतो, दिवस कळवा. पोरीला सातवा महिना सरत आला व्हता. घाईचं काही नव्हतं. तरी माणिकप्पानं गाडीत कडबा पसरला, त्याच्यावर माझी जाड वाकळ टाकली, धक्के बसू नयेत म्हणून. मग तो शेवटचा थर चोपायला परत वर चढला, मी आतली जमीन सारवायला बसले. शेवटचा हात व्हता तो. मन इतकं हलकं झालं व्हतं की मी पाळणा म्हणत व्हते.

दुपार कलताना रामलिंग आला. पागोटं हातात. घामानं भिजलेला. परसाच्या दारातच उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला. "शिवगंगा गेली."

म्या वर बघितलं. त्याचं ते तोंड बघितलं. ओठ कापायलेले, नजर जमिनीला. दिवाळीला सुद्धा हा असाच घामाघूम झाला असणार! मला हसू आवरंना. बया, बया! पोरीनं डाव साधला म्हणायचा!

"कशानं गेली रं?" म्या गालात हसू दाबून विचारलं.

"काल पोटात कळा आल्या. दोघंबी गेले."

"दोघंबी! आगं माझी बाय ती." म्या शेणाचे हात झटकले. तेवढ्यात मनात आलं, ही नुसती चेष्टा नसंल. खरंच कावळा शिवला असंल पोटुशीला. आन् तसं असंल तर हसून कसं चालंल? रडलं पाहिजे. पोटभर रडलं पाहिजे. तिनं माझ्यासाठी रडून मला आयुष्य दिलं, आता माझी पाळी. तिचं बी वाढू दे, पोटातल्याचं बी वाढू दे.

मग म्या जो टाहो फोडला! ऊर बडवला, केस सोडले, ओल्या सारवणात लोळले. "माझे शिवगंगे! मला टाकून कुठं गेलीस गं!" शेजारणी परसाच्या भिंतीवरनं डोकावल्या. म्या डोळा मिचकावला, कावळा कावळा म्हणून खूण केली, आन् आणखी जोरात सुरू केलं. त्या बी समजल्या, हसत हसत दोघी रडू लागायला आल्या. एवढ्या जणींचं रडणं! पोरगी आता शंभरी गाठती, म्या मनात म्हटलं. घशाला कोरड पडली, तरी थांबले न्हाय. घसा फाटंपर्यंत रडले. आवाज बसला तवा थांबले.

उठले. केस बांधले. घरात जाऊन गुळाचा मोठा खडा आणला आन् रामलिंगच्या हातावर ठेवला.

"घे. ह्या खेपेला पुरं रडू दिलंस, शहाणा हायस. आता बोल, कधी येऊ गाडी घेऊन?"

त्यानं मूठ मिटली न्हाय. गूळ तसाच हातावर.

"बोल की रं."

वर माळवदावर चोपण्याचा आवाज थांबला व्हता. माणिकप्पा कडेला येऊन उभा राहिला. शेजारणींनी हसणं आवरलं.

"रामलिंग," माझा आवाज फुटंना. "खोटं हाय म्हण."

त्यानं गूळ परत माझ्यापुढं धरला.

"अरे रडले की मी! सगळं रीतीनं केलं की! आता तू म्हणायचं असतंय. म्हण!" म्या त्याचा सदरा धरला, गदागदा हलवला. "खोटं हाय म्हण, तुझ्या पाया पडते!"

रामलिंगच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वर माणिकप्पाकडं बघितलं. त्याला माझं हाल बघवंनात.

"खोटं हाय, अक्का," तो म्हणाला. आन् मटकन खाली बसून लेकरावाणी रडायला लागला.

तवा मला कळलं की खरं हाय.

त्याच गाडीत, त्याच कडब्यावर, त्याच वाकळीवर बसून आमी गेलो. रीतीप्रमाणं तिला बसवून ठेवलं व्हतं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मांडीवर ते एवढंसं. बायका माझ्याकडं बघत व्हत्या. आईच्या जागी असलेली आत्या आली, आता आकाश फाटंल म्हणून थांबल्या व्हत्या. म्या तोंड उघडलं. आवाजच न्हाय. नुसता वारा. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा वारा. मागं कुणीतरी कुजबुजलं, शेवटी आत्या ती आत्याच, रडली सुद्धा न्हाय.

शांतम्मानं मला मिठी मारली. ती फटकळ बाई माझ्या खांद्यावर डोकं आपटत व्हती. "इरम्मा, शेवटपर्यंत एकच विचारत व्हती वं. आत्याची खोली झाली का, आत्याची खोली झाली का. निरोप यायच्या आधीच मी म्हटलं, झाली. रामलिंग निरोप घेऊन आला, तवा ती जायला टेकली व्हती. ऐकलंच न्हाय तिनं. झाली व्हती ना? मी खोटं न्हाय ना बोलले?"

म्या मान हलवली. झाली व्हती.

खोली अजून हाय. त्या साली पाऊस लई झाला, पण आत थेंब आला न्हाय. माणिकप्पा बाजेवर बसून नुसता वर बघत राहायचा. त्यानं परत बोलणं सोडलं ते सोडलंच. कोनाड्यात मी रोज दिवा लावते, पडल्या पडल्या हात पुरतो. आवाज पुढं परत आला, आता तर मी गावाला ऐकू जाईल असं भांडते. पण शिवगंगे, तू म्हणाली व्हतीस ना, बघू किती रडतीस? लई रडले गं माझे बाय. जेवढं व्हतं तेवढं सगळं रडले, पण ते खोटं म्हणून रडले. खरं म्हणून रडायचं अजून राहिलंय.